डावी बाजू

बैलगाडी दिसली तेव्हा सकाळचे सात चाळीस झाले होते. अंगदने मोटारीचा वेग कमी केला आणि शेजारी बसलेल्या तपासनीस बन्सीधर साहेबांना म्हणाला, "ती बघा, साहेब. आता तुमीच बघा."

साहेबांनी खिशातलं घड्याळ काढून हातात धरलं. ते त्यासाठीच आले होते. अंगदची जिंतूर-परभणी मोटार त्या महिन्यात नऊ वेळा उशिरा पोचली होती. दोनदा टपालाची थैली रेल्वेला चुकली होती. अंगदने जबाबात एकच कारण लिहून दिलं होतं : येडबा नावाचा गाडीवान रस्ता सोडत नाही. जबाब खरा निघाला तर गाडीवानावर खटला होता. खोटा निघाला तर अंगदची नोकरी जात होती.

एकोणीसशे त्रेपन्न साली त्या सडकेच्या मधोमध खडीचा एकच पट्टा होता, एका मोटारीपुरता. दोन्ही बाजूंना काळी माती. मागून भोंगा वाजला की बैलगाडीने डाव्या बाजूला मातीत उतरायचं, मोटार पुढे गेली की पुन्हा पट्ट्यावर यायचं. सगळे उतरत. येडबा उतरत नसे. तो याच सडकेच्या डागडुजीसाठी मुरूम वाहायचा आणि खाणीजवळच्या खोपटात एकटा राहायचा. आसपास दोन कोसांत वस्ती नव्हती.

रोज मोटार त्याच्या मागे येऊन थांबे. अंगद आठ-दहा वेळा भोंगा दाबे, मग शिव्या देत खाली उतरे. परभणीला भाजी नेणारी कासाबाई आतून ओरडे, "जा बाबा, सासरा वाट बघायलाय तुझा!" मोटार हसे.

"बापाची सडक हाय का रं?" अंगद बैलांपुढे उभा राहून विचारी.

"बापाची कशाला? मीच मुरूम टाकलाय हिच्यावर," म्हातारा जागचा न हलता म्हणे. "तू निस्ता वरून पळतूस."

"गाडी खाली घे. लोकायला रेल्वे धरायची हाय."

"घेतो की. जिंतुरात पाऊस झाला का?"

"झाला. बैल वळव."

"बैल लय आडमुठे हायत. ऐकतच न्हाईत माझं. काल तुझी माय आजारी म्हनलास, उठली का?"

"उठली. वळव आता!"

मग बैल वळत. यात चार-पाच मिनिटं जात. अकरा महिने हेच चाललं होतं.

आज अंगदने भोंगा दाबला. एकदाच. साहेबांना पुढचं सगळं नीट दिसावं म्हणून तो मागे सरकून बसला.

बैल डावीकडे वळले. चाकं खडीवरून मातीत उतरली. गाडी पट्ट्यापासून हातभर लांब जाऊन थांबली. अख्ख्या सडकेवर इतक्या शिस्तीत कुणी रस्ता दिला नसता.



साहेबांनी घड्याळ खिशात ठेवलं. "एका भोंग्यात उतरला. आणि तू लिहून दिलंस की हा रस्ता देत नाही."

"साहेब, रोज..."

"रोजचं मी पाहिलेलं नाही. आजचं पाहिलं. चल, वक्त घालवू नकोस. निदान आज वेळेवर पोचलास तर तसं अहवालात लिहिता येईल. नोकरी वाचेल कदाचित."

अंगदच्या कानशिलात रक्त चढलं. म्हाताऱ्याने डाव साधला होता. साहेब मोटारीत आहेत हे त्याला कुणीतरी आधीच सांगितलं असणार. एक शिवी तयार ठेवून अंगदने गाडीशेजारून जाताना मान बाहेर काढली.

येडबा मुरमाच्या ढिगाच्या पुढच्या उतारावर, मागून दिसणार नाही असा पालथा पडला होता. मोटार त्याच्या कानाशी घरघरत होती, तरी त्याने डोकं उचललं नाही. एक हात गाडीबाहेर लोंबत होता. कासरा त्या हातातून सुटून जुवावर सैल पडला होता. बैलांना कुणीही ओढलं नव्हतं, कुणीही हाकललं नव्हतं. ते मातीत उभं राहून मोटार पुढे जायची वाट बघत होते.

मोटार पुढे गेली. समोर सडक सरळ होती, दूरवर एकही गाडी नव्हती. वेग धरला तर अंगदला आज वेळेवर पोचता आलं असतं. त्याचा पाय तसा दाबलाही गेला. पण डोळ्यांपुढून तो सैल कासरा हटेना. बैलांना डावी बाजू पहिल्यापासून माहीत होती. पहिल्याच भोंग्याला ते रोज उतरले असते. त्यांना खडीवर धरून ठेवायला उजवा कासरा ताणून धरावा लागत होता. रोज सकाळी. मोटार थांबेपर्यंत, कुणीतरी खाली उतरून बोलेपर्यंत.

अंगदने करकचून ब्रेक लावला. मागे टोपल्या कलंडल्या.

"काय झालं?" साहेब पुढच्या दांडीला धरून ओरडले. "आता कशाला थांबवलीस? रस्ता तर मोकळा आहे!"

अंगदने दार उघडून खाली उडी मारली.

"मोकळा हाय म्हणूनच, साहेब," तो म्हणाला आणि मागे पळत सुटला.