शामरावचा कान

मोरबाळ्यांनी घरच्या लेथवर वेग दाखवणारा डिजिटल मीटर बसवला, तो शामरावची जिरवायला. कारखान्यातली तीस वर्षं हा टर्नर नुसत्या आवाजावरून फेऱ्यांचा आकडा सांगायचा आणि मोरबाळ्यांचा अंदाज चुकला की सगळ्यांदेखत हसायचा.

आज शामराव मशीनकडे पाठ करून, डोळे मिटून स्टुलावर बसला. "कर चालू, मर्दा!"

मोरबाळे अजून चष्माच पुसत होते.

"सहाशे चाळीस," शामराव म्हणाला. "बघ तुझा मीटर!"

मीटरवर शून्य होतं. लेथचं बटण दाबलंच नव्हतं.

तीस वर्षं जपलेला टोमणा मोरबाळ्यांच्या जिभेवर आला. शामराव मात्र मान डोलवत तल्लीन होऊन ऐकत होता. खोलीत पंखासुद्धा फिरत नव्हता.

"बरोबर," मोरबाळे म्हणाले.

"आता वाढव वेग."

मोरबाळ्यांनी मीटरवर फडकं टाकलं. "वाढवला."