निळ्या पाण्यातला थेंब

रक्तदान शिबिराच्या रांगेत निशिगंधाचा नंबर जवळ आला, तशी मागे उभी असलेली स्वप्नाली तिच्या कानाशी पुटपुटली, "परत कशाला उभी राहिलीस गं? मागच्या वर्षी काय झालं, विसरलीस?"

निशिगंधा विसरली नव्हती. जगतपुऱ्यातल्या याच ऑफिसच्या याच हॉलमध्ये सगळ्यांदेखत सिस्टरने तिला परत पाठवलं होतं. तेव्हा ती कधी नव्हती इतकी बारीक होती. काकडी, सूप आणि लिंबूपाणी, एवढ्यावर तिने दिवस काढले होते. कसं जमवलंस, म्हणून जो तो विचारायचा. विंचरताना केस मुठीमुठीने हातात यायचे, जिना चढला की डोळ्यांपुढे अंधारी यायची, ते कुणाला दिसत नव्हतं.

त्यानंतर ती तिलक नगरातल्या एका आहारतज्ज्ञ बाईंकडे गेली. बाईंनी काहीच बंद केलं नाही. डाळ, भाकरी, अंडी, दही, सगळं वेळेवर आणि पोटभर. संध्याकाळी तासभर चालणं. "उतरेल, पण हळूहळू," त्या म्हणाल्या. "घाई केलीस तर वजनासोबत तूही झिजशील."

आधी वजन वाढलंच. मग सावकाश उतरू लागलं. तरी मागच्या वर्षीपेक्षा ती आजही जड होती, आणि ऑफिसला तेवढंच दिसत होतं.

"भरलीस हं परत," कालच स्वप्नाली म्हणाली होती. दोघी एकाच फ्लॅटमध्ये राहायच्या. स्वप्नाली महिनाभर ज्यूसवर होती आणि तिचे कपडे ढगळ झाले होते.

"नाश्ता किया?" सिस्टरने विचारलं.

"पेट भरके," निशिगंधा म्हणाली आणि बोट पुढे केलं.

सुई टोचली. सिस्टरने बारीक नळीत रक्त ओढलं आणि मोरचुदाच्या निळ्या पाण्यावर नळी धरली. थेंब बुडाला तर रक्त कसदार. तरंगत राहिला तर दान नाही. गेल्या वर्षी निशिगंधाचा थेंब वरच लोंबकळला होता.

थेंब पडला. क्षणभर वरच थांबला.

मग तो गोल, गडद थेंब मण्यासारखा सरळ खाली गेला आणि तळाशी जाऊन बसला.

"बढ़िया! जाओ, लेट जाओ."

"येस्स!" निशिगंधा एवढ्या जोरात ओरडली की अख्खा हॉल वळून बघायला लागला. अकाउंट्सच्या शुभंकरने तर काय झालं ते न कळताच टाळ्या वाजवल्या. निशिगंधाला लाज वाटली नाही. ती ताठ मानेने खाटेवर जाऊन आडवी झाली. नळीतून रक्त वाहू लागलं. खालच्या यंत्रावर पिशवी झुलत होती, जड होत होती.

तिथूनच तिला स्वप्नाली दिसली. सिस्टरने तिचा थेंब पाण्यात सोडला, पाहिला, पुन्हा पाहिला. मग मान हलवली.

बोटावर कापूस दाबून स्वप्नाली खाटेजवळ आली.

"तरंगला," ती म्हणाली.

निशिगंधाने पाय आखडून तिला बसायला जागा केली. दोघी झुलणाऱ्या पिशवीकडे बघू लागल्या. ती आता टच्च भरत आली होती.

"निशी," स्वप्नाली हळूच म्हणाली, "आज रात्री मूग भिजवशील ना, त्यात माझेही मूठभर घाल."

"मूठभर?" निशिगंधा हसली. "वाटीभर घालते."