संपतच्या गच्चीवरची वायर

भिंतीवरच्या डबीतला दिवा पुन्हा लाल झाला आणि रखमाजींनी आधी शेजारच्या गच्चीकडे बघितलं.

या वर्षातली ही पाचवी खेप. नेटची वायर गल्लीतल्या खांबावरून निघायची, धाकट्या भावाच्या, म्हणजे संपतच्या गच्चीवरून यायची आणि मग रखमाजींच्या घरात शिरायची. मंठ्यात निम्म्या गावाच्या वायरी अशाच कोणाकोणाच्या गच्चीवरून जातात. कोणी कोणाला अडवत नाही. पण संपतशी बोलणं बंद होऊन नऊ वर्षं झाली होती. रखमाजींच्या लेकीच्या, प्रीतीच्या लग्नात सख्ख्या काकाला फेटा बांधायचा राहून गेला. गडबडीत राहिला की मुद्दाम ठेवला, यावर दोघा भावांचं अजून एकमत नाही. संपत भर मांडवातून न जेवता उठला, तो उठलाच.

"दुसरं कोण तोडणार?" रखमाजी भिंतीला म्हणाले. बायको, रमाबाई, गेल्यापासून घरात ऐकायला भिंतच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी घेऊन राधेश्याम केबलवाला दारात हजर. रखमाजींनी त्याला कधीच फोन केला नव्हता. कनेक्शन प्रीतीच्या नावावर. इथला दिवा लाल झाला की तिकडं बंगळूरला तिच्या मोबाईलवर दिसत असणार आणि तीच तक्रार देत असणार, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. लेक कॉम्प्युटरमधली, तिला काय दिसत नसेल!

राधेश्याम गच्चीवरून खाली आला तो हसतच. "काका, मधल्या कठड्याशी वायरीला काळी टेप तुम्हीच गुंडाळली का?"

"मंग! चाळीस वर्षं विहिरीवरची मोटार जोडली म्या. वायर जोडता येत न्हाई का मला?"

"ती तांब्याची वायर, काका. ही डबीतून राऊटरला गेलेली निळी वायर बी तांब्याचीच. पण बाहेरच्या काळ्या वायरीत काचेचा तंतू हाये. तो तुटला की टेप लावून काही उपयोग न्हाई. मशीनवरच जोडावा लागतो."

"तुटतो कसा पण?"

"माकडं हो. दुसरं कोण?"

"माकडाला माझीच वायर गोड लागती का? ते काही न्हाई. त्या गच्चीवरून काढ ती. मागच्या रस्त्याच्या खांबावरून घे."

राधेश्याम हातातल्या पकडीकडे बघत राहिला. "एकदा इचार करा, काका. गच्चीवरची वायर बरी असते. कोणाची तरी नजर राहते."

"त्या नजरेचाच तर तरास हाये!"

राधेश्यामनं शिडी उचलली. दुपारपर्यंत त्यानं वायर बदलून दिली. जुनी ओढून काढताना संपत गच्चीवर आला आणि हात मागे बांधून नुसता बघत उभा राहिला. रखमाजींना आधी बरं वाटलं. जेवायला बसले तेव्हा मात्र भाकरी काही संपेना.

पण त्यांचा इलाज नव्हता. प्रीतीची लेक चिन्मयी सात वर्षांची, आणि तिला जन्मापासून ऐकू येत नाही. तिच्याशी बोलायचं ते हातांनी, आणि हात दिसायला नेट हवं. रखमाजी या वयात तीसेक खुणा शिकले होते. शाळा, मांजर, जेवलीस का. आठवडाभर आरशासमोर घोकायच्या आणि रविवारी अकराला टॅबवर तिला करून दाखवायच्या. साऱ्या आठवड्यात त्यांचं कोणाशी धड बोलणं व्हायचं ते तेवढंच. एक रविवार चुकला की पुढचे सात दिवस ढकलणं त्यांच्या जिवावर यायचं.

तीन रविवार झकास गेले. चौथ्या आठवड्यात, मंगळवारी, मागच्या रस्त्यानं कापसाचा उंच भरलेला टेम्पो गेला आणि दिवा लाल झाला.

रखमाजी डगमगले नाहीत. प्रीतीला दिसलंच असेल. बुधवारी त्यांनी राधेश्यामसाठी चहाचं आधण ठेवलं आणि उतरवलं. गुरुवारीही तेच. शुक्रवारी ते तीनदा रस्त्यापर्यंत जाऊन आले. शनिवारी त्यांना लेकीचा राग आला. बापाकडे बघायला तिला सवड नाही, असं मनात येऊन डोळे भरले.

रविवारी अकराला धुतलेली टोपी घालून ते बंद टॅबसमोर बसले. शेवटी मोबाईल वाजला. घरात रेंज कशीबशी. ते अंगणात धावले.

"आबा, व्हिडिओ का लागत नाहीये? चिन्मयी केव्हाची बसलीय."

"लाल दिवा लागलाय, मंगळवारपासून. तुला दिसला न्हाई?"

"मला इथं कसा दिसेल, आबा?"

"मंग आजवर तक्रार..."

रेंज गेली. रखमाजी तसेच चपला घालून स्टँडजवळच्या राधेश्यामच्या दुकानात गेले.

"पाच दिवस झाले नेट बंद हाये. तू आला न्हाईस."

राधेश्याम चमकला. "तक्रारच आली न्हाई, काका."

"आजवर कोण देत होतं तक्रार? प्रीतीला तर काहीच ठाऊक न्हाई."

राधेश्यामनं पुढं स्टूल सरकवलं. रखमाजी बसले नाहीत.

"आता लपवून काय करू? संपतकाका. रोज सकाळ-संध्याकाळ गच्चीवर जाऊन तुमची वायर बघायचे. माकडांना हाकलायचे. तुटली की लगेच मला फोन, जल्दी ये म्हणून. माझं नाव सांगू नको, दादाला कळलं तर वायरच काढून टाकील, म्हणायचे."

रखमाजी स्टुलावर टेकले. राधेश्यामनं मान खाली घातली.

"कालच आल्ते ते इथं. म्हणले, दादाची वायर आता मला दिसून न्हाई राह्यली, नेट बराबर चालू हाये ना? मी म्हणलो, तक्रार न्हाई, म्हंजे चालूच आसंल."