आधी कुठली डिग्री?

"मग तू तीन वर्षांपूर्वीच का नाही आलीस?" डॉ. हॉब्सनबाईंनी विचारलं.

तनूला प्रश्नच कळला नाही. फार्मसीच्या प्रवेशाची मुलाखत होती. लीड्सहून ट्रेननं येताना तिनं बरीच उत्तरं पाठ केली होती. त्यात हे नव्हतं.

"आधी डिग्री लागते ना," ती म्हणाली. "म्हणून झूलॉजी करतेय. शेवटचं वर्ष."

"लागते? कोण म्हणालं?"

बाई प्रेमळ होत्या. त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. इथं फार्मसीला ए-लेव्हल्सनंतर, म्हणजे आपल्या बारावीनंतर, थेट प्रवेश मिळतो. तनूचे मार्क तेव्हाही पुरेसे होते. आता जागा नक्की मिळेल, पण पहिल्या वर्षात. अठरा वर्षांच्या मुलांबरोबर.

"आणि माझं झूलॉजी?"

"कुठलंही शिक्षण वाया जात नाही," बाई म्हणाल्या आणि तिचा अर्ज चाळू लागल्या. ते नेमकं कुठं उपयोगी पडेल हे त्यांनाही सुचेना.

तनूचा प्रबंध यॉर्कशरच्या बागांमधल्या गोगलगायींवर होता. परतीच्या ट्रेनमध्ये तिला वाटलं, त्यातली एखादी गोगलगाय ए-लेव्हल्सनंतर लीड्सहून सरळ रस्त्यानं निघाली असती, तर एव्हाना फार्मासिस्ट होत आली असती.

सगळा घोटाळा एका अक्षराचा होता. तनू चौदा वर्षांची असताना देशकर कुटुंब नागपूरहून लीड्सला आलं. तिचे बाबा, राजीव देशकर, एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळत. २००३ साली त्यांनी एका युनिव्हर्सिटीचं माहितीपत्रक उघडलं. फार्मसीपुढं 'एम.फार्म.' छापलेलं होतं.

"एम म्हणजे मास्टर्स," बाबा म्हणाले. "म्हणजे आधी बॅचलर्स पाहिजे. साधं लॉजिक आहे."

खात्री करायला त्यांनी परदेशी फोनच्या कॉलिंग कार्डावरचा नंबर खरवडून न्यू जर्सीला मुरलीधरकाकांना फोन लावला. काका तिथं फार्मासिस्ट होते. त्यांनी सांगितलं ते अमेरिकेपुरतं अगदी बरोबर होतं. आधी कॉलेज, मग फार्मसी स्कूल. मग स्पीकरवर चर्चा रंगली. काका केमिस्ट्री म्हणाले. आईला बॉटनी बरी वाटली. बाबांनी झूलॉजीच्या बाजूनं कौल दिला, कारण माणूस हाही शेवटी प्राणीच. तनू तिथंच बसून टोस्ट खात होती. शाळेतल्या करिअरच्या बाईंनी नंतर तिला विचारलं, काही शंका आहे का? ती म्हणाली, "नो, थँक यू." शंका कसली? सगळं ठरलं होतं.

मुलाखतीहून आल्यावर तिनं घरी सांगितलं. आईनं गॅस बंद केला. बाबा खुर्चीत बसले.

"गाढव आहे मी," ते म्हणाले. मग त्यांनी काकांना फोन लावला.

"अरे, मी इथलं सांगितलं!" काका पलीकडून कळवळून म्हणाले. "तुमच्याकडे काय पद्धत आहे ते तिथं कुणाला विचारलं नाही का तुम्ही?"

बाबांनी फोन ठेवला.

"तनू, तू चिडत का नाहीस?" बाबांनी विचारलं. "चिड ना माझ्यावर."

तिला चिडायचं होतं. पण बाबांचा चेहरा असा झाला होता, की ती उलट त्यांच्यासाठी चहा टाकायला उठली.

तिनं फार्मसीची जागा घेतली. मैत्रिणींना ती स्वतःच किस्सा सांगायची. "मी इंग्लंडातली सर्वांत सुशिक्षित फर्स्ट-इयर," म्हणायची. सगळ्या पोट धरून हसायच्या. तीही हसायची. हसून झाल्यावर ती किस्सा मनात पुन्हा चाळायची. चूक एमची होती, काकांची होती, बाबांच्या लॉजिकची होती. तरी काहीतरी सांगायचं राहून जातंय, असं तिला दर वेळी वाटायचं.

तिचं पहिलं वर्ष संपल्यावर, ऑगस्टमध्ये नव्या मुलांच्या ए-लेव्हल्सचा निकाल लागला. त्या दिवशी उरलेल्या जागांच्या चौकशीचे फोन घ्यायला युनिव्हर्सिटीला माणसं हवी होती. "तुझ्याइतका अनुभव कुणाला आहे?" हॉब्सनबाई म्हणाल्या. तनूनं हेडसेट चढवला. हॉलभर फोन खणखणत होते.

तिच्या फोनवर एक जाडसर आवाज आला. "गुड मॉर्निंग. माय डॉटर वॉन्ट्स टू डू फार्मसी. व्हिच डिग्री शुड शी डू फर्स्ट?"

मागून एक बाईमाणूस म्हणालं, "अहो, बायोकेमिस्ट्री चालेल का ते विचारा."

तनू ताठ बसली. "काका, तुम्ही मराठी?"

"अरे वा!" आवाज एकदम फुलला. "मी ज्ञानेश्वर परांजपे, वेम्बलीहून. बरं झालं बाई तू भेटलीस. आता तूच सांग, आधी कुठली डिग्री घेऊ?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला अख्ख्या ब्रिटनमध्ये तनूइतकं लायक कुणी नव्हतं. एका वाक्याचं उत्तर. गृहस्थांनी जन्मभर दुवा दिला असता. पण तिला आठवलं, स्पीकरवर तिची डिग्री ठरत होती तेव्हा ती शेजारीच बसून टोस्ट खात होती. 

"मुलगी कुठाय?" तिनं विचारलं.

"ही काय, शेजारीच आहे. मार्क सांगू तिचे? मला पाठ आहेत."

"नको, काका," तनू म्हणाली. "फोन तिच्याकडे द्या."