जरा बाजूला

दुपारी बाळ झोपलं की मी पडदे ओढते आणि आवाज बंद ठेवून पाणबुडीचा गेम खेळते. तेवढाच विरंगुळा. पण गेममध्ये रात्र झाली की मला एकही जहाज दिसायचं नाही.

शेवटी धाकट्या दिरानं युक्ती सांगितली. "वहिनी, डोळे ताणून बघू नकोस. जरा बाजूला बघ, मग काळा आकार आपोआप दिसतो."

"म्हणजे तुझा दादा धुण्याच्या ढिगाकडे बघतो तसं."

युक्ती लागू पडली. आज जहाजामागून जहाज दिसत गेलं. मग अंग अगदी गळून गेलं, म्हणून स्क्रीन बंद केला आणि पाळण्याशेजारच्या भिंतीकडे नुसती बघत बसले.

पाळण्यावर कुणीतरी वाकलं होतं.

सरळ पाहिलं, तर नुसतं बाळ. पुन्हा भिंतीकडे पाहिलं, तर ते तसंच वाकलेलं.

झोप पुरत नाही, दुसरं काय, असं म्हणत मी बाळाला उचलून छातीशी घेतलं आणि परत भिंतीकडे पाहिलं. पाळण्यावर आता कुणीच नव्हतं. हायसं वाटलं.

बाळ जागं झालं होतं. ते माझ्या खांद्याच्या जरा बाजूला बघत होतं, आणि ओळखीचं हसत होतं.