खाटकाचे कान

शहाता खाटकाचा गळा सोन्याचा, पण कान दुकानाचे. हाक आली की गिऱ्हाईक आलं, एवढंच त्यांना ठाऊक. अलेक्झांड्रियातल्या गेल्या जलशात कुणीतरी "या सलाम!" अशी दाद दिली, तर हा गाणं सोडून ओरडला, "आलो! किती किलो?" लोक हसून लोळले. "बाई, आता आपल्याच्यानं गाणं व्हायचं नाही!" त्याने हात टेकले. "न व्हायला काय झालं?" गाणं शिकवणाऱ्या बहियाबाई म्हणाल्या. सहा महिने तो गायचा आणि त्या मध्येच खणखणीत हाक मारायच्या, "दोन किलो खिमा!" तो थांबला की न रागावता पुन्हा पहिल्यापासून. आजच्या जलशात "या सलाम!" उसळलं, तरी शहाता ढळला नाही. बाईंचं भान हरपलं नि तोंडून दाद निसटली, "दोन किलो खिमा!" सूर न सोडता शहाताने नुसती दोन बोटं वर केली.