मोझेसकाकांचा खांदा

“आणि उठलं की गरगरतं,” मोझेसकाका म्हणाले. “खाटेवरनं पाय खाली टाकला की सगळं घर फिरतं. भिंत धरावी लागते.”

डॉक्टर दिपिका लिहून घेत होत्या. रोह्याच्या बाजारात, पहिल्या मजल्यावर त्यांचा दवाखाना. काका निडीहून गाडीने यायचे, महिन्यातल्या एका मंगळवारी. ही चौथी खेप. वय अठ्ठ्याहत्तर, कंपनीतून फिटर म्हणून निवृत्त, पांढरा स्वच्छ सदरा, आणि टक्कल असं, की त्यात वरचा पंखा फिरताना दिसावा. आल्या आल्या ते मागच्या बाजूला लघवीला जाऊन आले आणि मगच खुर्चीत टेकले.

डॉक्टरांनी त्यांना आडवं करून प्रेशर मोजलं. उभं करून पुन्हा मोजलं. दोन्ही वेळा पंचविशीतल्या पोराचं असावं तसं.

“गुडघे?”

“जिना नको वाटतो.”

आत्ताच ते जिना मध्ये न थांबता चढून आले होते. डॉक्टरांनी ते ऐकलं होतं.

“गेल्या वेळचं मलम लावलंत?”

“लय गुण आला.”

“खुर्चीवरचा व्यायाम?”

“रोज सकाळी, दहा दहा वेळा. मी मोजतो ना.”

“आणखी काही?”

“खांदा,” काका म्हणाले. “केस विंचरायला हात वर जात नाय.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि त्यांच्या डोक्याकडे पाहिलं. काकांचाही हात सहज वर गेला, पार टाळूपर्यंत, आणि तिथेच थांबला.

“कुणाचे केस, काका?”

काकांनी हात हळूच खाली घेतला.

“मिरियमचे. बायको माझी. कमरेपर्यंत हायत अजून.”

“म्हणजे चक्कर त्यांची?”

“तिची.”

“गुडघे?”

“तिचेच. माझे काय, मी आत्ता तुमच्यापुढं बैठका मारीन.”

“नको,” डॉक्टर म्हणाल्या. “चार महिने मी तुमचे गुडघे दाबून बघतेय. तुम्ही ‘आई गं’ सुद्धा म्हणायचात.”

“ती जिथं म्हणते तिथंच म्हणायचो. पाठ केलं होतं.”

डॉक्टरांना हसू आवरेना. मग त्यांनी विचारलं, “त्यांनाच का नाही आणत?”

काका खुर्चीत पुढे सरकले. त्यांचा मुलगा आरोन इस्रायलला, अश्दोदला असतो. शनिवारी संध्याकाळी शब्बाथ सुटला की दर आठवड्याला फोन करतो. गेल्या वर्षी त्याने निक्षून सांगितलं होतं, की तुमच्या दोघांतलं एक जरी आजारी पडलं, तर येईन आणि दोघांना घेऊन जाईन. निडीतली ज्यूंची बाकीची घरं कधीच रिकामी झाली होती. मिरियमचा जन्म तिथला, तिची आई तिथेच मातीत. रोज पहाटे ती देवाला एकच मागायची, इथून हलवू नको.

“ती दवाखान्याची पायरी चढत नाय,” काका म्हणाले. “म्हणते, तपासलं की सापडतं. मग मी डोकं लढवलं. दुखणं तिचं सांगायचं, नाव माझं लावायचं. माझे रिपोर्ट काय, चांगलेच येणार. आरोन आला तर त्याच्यापुढं ठेवायचे.”

“आणि गोळ्या?”

“शक्तीच्या हायत म्हणून देतो. तिला वाटतं मी रोह्याला मुरादकडं पत्ते खेळायला येतो. कंपनीतला दोस्त माझा. तोपण सामील हाय.”

“काका, तुमचं अंग तपासून मी त्यांची चक्कर कशी बरी करू? मलम ठीक आहे. पण चक्करेला आधी त्यांचं प्रेशर बघायला हवं, रक्त बघायला हवं. उद्या अंगणात पडल्या आणि खुबा मोडला तर?”

काकांचा हात आपसूक स्वतःच्या खुब्यावर गेला.

“मग आरोन नक्की येईल,” डॉक्टर म्हणाल्या. “वेळेवर औषध मिळालं तर त्या पडणार नाहीत. पडल्या नाहीत तर कोण कशाला नेईल? आजारी माणसं काय, आपल्या घरात राहतच नाहीत?”

हे काकांना पटलं. इतकं साधं होतं, की चार महिने आपल्याला का सुचलं नाही म्हणून ते स्वतःवरच खूश झाल्यासारखे हसले.

“पुढच्या मंगळवारी आणा.”

“मंगळवार नको. मंगळवारी काय भरवसा नाय तिचा, उठते नि पेणला जाते. आजपण गेलीय. पोहे आणायला. आमच्यात मलिदा करतात ना, नवसाचा, गोड पोह्यांचा. तिला पेणचेच लागतात.”

“एकट्या? चक्कर येत असताना?”

“तिची मैत्रीण रूथ स्टेशनवर घ्यायला येते. मी किती सांगितलं, गो बाय, पाच डबे भरलेत, आता उंदरांना मलिदा घालतेस काय. ऐकत नाय.”

“मग बुधवारी आणा.”

“आणतो. आज घरी गेलो की सगळं सांगतो तिला.”

काका जिना उतरले तेव्हा हलके झाले होते. स्टेशनच्या वाटेवर त्यांनी मिरियमसाठी मोगऱ्याचा गजरा घेतला. खांदा दुखत असला तर आपणच माळू, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

त्याच वेळी पेणला, रामवाडीच्या एका दवाखान्यात, मिरियम डॉक्टर जितेश यांच्यासमोर ताठ बसली होती. पायाशी पोह्यांची पिशवी होती.

“या महिन्यात आणखी काही नवीन त्रास, मावशी?” डॉक्टरांनी विचारलं.

“हात,” मिरियम म्हणाली. “सकाळी दाढी करताना थरथरतो.”